तीनदा परत आलेली फाईल

पत्र: काका, नमस्कार. मी नागपूर जिल्ह्यात ग्रामीण पाणीपुरवठ्यात जेई (कनिष्ठ अभियंता) आहे, ऑफिसचं नाव नको. आमच्या नळ योजनांचे पंप दर उन्हाळ्यात जळतात. विहीर आटते, ऑपरेटरला कळत नाही, मोटर कोरडी चालत राहते, मग रिवाइंडिंग आणि तोवर गाव टँकरवर. हिंगण्याकडच्या एका कॉलेजातून निघालेल्या तीन पोट्ट्यांनी एक डबा बनवला, तो स्टार्टरच्या बाजूला लागतो, पाणी कमी झालं की मोटर बंद करतो आणि मोबाईलवर मेसेज टाकतो. दोन गावांत त्यांनी फुकट लावून दिला, मस्त चालला. मी "पंप संरक्षक यंत्र ४० नग खरेदी करणेबाबत" अशी फाईल टाकली, स्पेसिफिकेशन त्यांच्याच ब्रोशरमधून घेतलं, दुसरं होतंच कुठे. फाईल तीनदा परत आली. एकदा "डीएसआरमध्ये नाही" (म्हणजे सरकारी दरसूचीत), एकदा "तीन दरपत्रके जोडा", एकदा "पुरवठादारास तीन वर्षांचा अनुभव नाही". साहेब म्हणतात नोकरी नवीन आहे, नसत्या भानगडीत पडू नको, ऑडिट लागलं की कोणी सोबत येत नाही. एका सीनियरने सांगितलं की पाच-पाच नगांचे तुकडे कर, चालून जातं. सरकारी खरेदीत नवीन काही येऊच शकत नाही का? सोडून देऊ का?
(पाणीवाली जेई)

उत्तर:

बेटा, सोडू नको. पण ही फाईल आहे तशी चौथ्यांदा वर पाठवू पण नको.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. साहेबांचं बोलणं मला फार खटकलं नाही, भीती खरी असते आणि ती बिनकारणाची नसते. खटकलं ते एकच वाक्य, "स्पेसिफिकेशन त्यांच्याच ब्रोशरमधून घेतलं". मी ३१ वर्षं लेखा शाखेच्या टेबलवर बसलो आणि एकाच दुकानदाराच्या ब्रोशरवरून उतरवलेली फाईल आम्हाला पाच मिनिटांत कळते, डब्याची लांबी-रुंदी दिलेली असते, रंगसुद्धा दिलेला असतो, आणि मग ती फाईल आणणारा माणूस कितीही सरळ असला तरी कागद असंच सांगतो की याने आधी दुकान ठरवलं आणि मग गरज लिहिली. तू सरळ आहेस हे मला पत्रातून दिसतंय. फाईल वाचणाऱ्याला ते दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतो.

आणि अजून एक. कोरडी चालणारी मोटर बंद करणारी यंत्रं बाजारात आधीपासून आहेत. आपल्या काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांना विचार, मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर शेतकरी कधीचे वापरून राहिले. म्हणजे पोट्ट्यांच्या डब्यात नवं काय आहे ते आधी तू स्वतः नीट शोध. मला पत्रावरून वाटतं की नवी गोष्ट मोटर बंद होणं ही नाहीच, नवी गोष्ट ही आहे की कोणत्या गावची विहीर किती वाजता आटली हे तुला ऑफिसात बसून त्याच दिवशी कळतं आणि टँकर सांगायला एक दिवस आधी मिळतो. तसं असेल तर तुझी गरज "यंत्र ४० नग" ही नाही. तुझी गरज "उन्हाळ्यात पंप जळू नये आणि पाणी संपायच्या आत ऑफिसला कळावं" ही आहे. हे वाक्य फाईलच्या विषयात टाक आणि मग बघ तिन्ही शेरे कसे बदलतात.

डीएसआरचं घे. डीएसआर म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या कामांचे दर, खोदाई किती, पाईप किती. जे काम कालपर्यंत कोणी केलंच नाही ते त्यात कुठून असणार? पण डीएसआरमध्ये नाही म्हणून करता येत नाही असं कुठेच लिहिलेलं नाही, त्याचं दर पृथक्करण करून, म्हणजे माल-मजुरी वेगवेगळी मांडून दर काढून, मंजुरी घेतात, तू पाण्याच्या कामात हे केलेलं असशील. तीन दरपत्रकांचं पण तसंच. तू एकाच डब्याचं नाव लिहिलं तर तीन दरपत्रकं कोण देणार, पोट्ट्यांचे मामा-काका देतील, आणि ती बनावट दरपत्रकं पुढे तुझ्याच गळ्यात येतील. तेच काम सांगून मागितलं तर मोबाईल स्टार्टरवाला येईल, पॅनल बनवणारा येईल, पोट्टे येतील, कोणी वेगळंच काही घेऊन येईल जे तुला-मला सुचलं पण नसेल.

हे मी मनाने सांगून नाही राहिलो. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, जीएफआरमध्ये, नियम १४४ स्पष्ट सांगतो की जे घ्यायचं त्याचं वर्णन शक्य तितकं वस्तुनिष्ठ, कार्याधारित आणि मोजता येईल असं असावं, एखाद्या ब्रँडकडे बोट दाखवणारं नसावं. नियम १७३ मध्ये स्टार्टअपना पूर्वानुभव आणि उलाढालीची अट शिथिल करायची मुभा आहे, मात्र गुणवत्ता आणि तांत्रिक अट पूर्ण झाली पाहिजे. आता लक्षात ठेव, तू राज्याच्या यंत्रणेत आहेस, जीएफआर तुला थेट लागू नाही, तुझ्यासाठी उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदी कार्यपद्धतीचा जीआर आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या. त्यामुळे टिप्पणीत जीएफआरचा दाखला आदेश म्हणून नको देऊ, "केंद्र स्तरावर असे धोरण आहे" एवढंच लिही, आणि अनुभवाची अट शिथिल करायला सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी टेंडर काढायच्या आधी माग. आधी, हं. टेंडर निघाल्यावर अट शिथिल केली तर जो अट वाचून आलाच नाही तो कोर्टात जाईल आणि त्याचं बरोबर असेल.

अनुभवाच्या शेऱ्यावर मला थोडं थांबावंसं वाटतं कारण तो शेरा मी स्वतः कित्येकदा मारलाय. एका उपअभियंत्याने बरीच वर्षं आधी फाईल आणली होती, ब्लीचिंग पावडर आणण्याऐवजी मिठाच्या पाण्यातून जागेवरच क्लोरीन तयार करणारं मशीन, दोन आडगावांसाठी. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की पावडर पोचायची नाही, पोचली तर ओली होऊन उतरलेली, हे त्याने लिहिलं होतं. मी लिहिलं "पुरवठादारास पूर्वानुभव नाही, सबब प्रस्ताव परत". नियमात एकदम फिट. तो पुन्हा आला नाही, मी पण बोलावलं नाही, आणि त्या पावसाळ्यात त्यातल्या एका गावात गॅस्ट्रोची साथ आली तेव्हा मला ती फाईल आठवली आणि अजून आठवते. माझा शेरा चूक नव्हता, पण अनुभवाची अट कशासाठी असते हे मी विसरलो होतो. माणूस माल देऊन पळून जाऊ नये, बिघडलं तर दुरुस्त करावं, यासाठी ती असते. ही खात्री दुसऱ्या मार्गाने मिळत असेल, छोट्या चाचणीने, रोखून ठेवलेल्या पैशाने, तर तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला काय वेगळं देतो? हे मी तेव्हा त्याला लिहून द्यायला हवं होतं. तुला आज लिहून देतोय.

तर चाचणी. तुझी दोन गावांची फुकट चाचणी झाली ती झाली, पण ती फाईलमध्ये पुरावा म्हणून लावू नको. फुकट दिलेल्या वस्तूचं ओझं असतं, उद्या कोणीही म्हणेल की यांनी आधीच घरोबा केला होता. नवीन चाचणी कर, जाहीर सूचना काढून कर. "आमची ही अडचण आहे, दहा गावांत उपाय लावून दाखवा, चाचणीचा खर्च कार्यालय देईल, निकष असे असे", आणि जे येतील त्यातल्या दोघा-तिघांना सारखी गावं वाटून दे. निकष आधी लिहायचे, निकाल बघून नाही. मोटर कोरडी किती मिनिटं चालली, मेसेज किती वेळात आला, खोटे मेसेज किती आले, लाईट जाऊन आल्यावर डबा आपोआप सुरू झाला का. आणि चाचणी नोव्हेंबरमध्ये नको करू बापा. नोव्हेंबरमध्ये तर सगळंच चालतं. टिनाच्या पंपघरात मेच्या दुपारी ज्या पेटीला हात लावता येत नाही तिथे तो डबा टिकला पाहिजे, आणि मग जूनच्या पहिल्या विजांच्या कडकडाटात पण टिकला पाहिजे. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट धर.

मोजणाऱ्यांमध्ये लेखा शाखेचा एक माणूस घे. हे मी कळकळीने सांगतो. तुझ्या ऑफिसातला जो क्लार्क शेरे मारतो ना, त्यालाच समितीवर घे आणि मेमध्ये दुपारी दोन वाजता पंपघरावर घेऊन जा. आम्हा लेखावाल्यांना कोणी कधी पंप दाखवतच नाही, आमच्यासाठी पंप म्हणजे एक व्हाउचर असतं.

आता पोट्ट्यांबद्दल, आणि हे तुला थोडं लागेल. त्यांच्यापासून आता अंतर ठेव. चहा नको, रात्री फोन नको, "टेंडरमध्ये काय टाकू रे" असं तर बिलकुल नको. जे विचारायचं ते टेंडर भरायच्या आधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, इतिवृत्तात येईल असं. ते हरले तर? हरू शकतात. दुसऱ्याचा उपाय चांगला आणि स्वस्त निघाला तर तो घ्यायचा, कारण तू पंपांसाठी निघाली होतीस. पण त्यांना न्याय मिळायचा असेल तर तो याच दारातून मिळेल, आणि जिंकले तर ४० काय, पुढच्या तालुक्यात पण जातील, कारण ते काम उघड्यावर जिंकलेलं असेल.

त्यांना एवढं मात्र जाहीरपणे सांगता येतं, कोणालाही सांगशील तसं, की उद्यम नोंदणी करा, केंद्राची स्टार्टअप मान्यता घ्या, प्रयोगशाळेचा टेस्ट रिपोर्ट काढून ठेवा. आणि राज्याच्या नाविन्यता सोसायटीच्या महाराष्ट्र स्टार्टअप वीककडे लक्ष ठेवा. २०१८ पासून सुरू झालेल्या या उपक्रमात २४ स्टार्टअप निवडतात आणि त्यांना सरकारी खात्यात पायलट करायचा थेट कार्यादेश मिळतो, सुरुवातीला तो १५ लाखांपर्यंत होता. हा दरवाजा मुद्दाम अशा नवख्यांसाठीच ठेवलाय, त्यांनी तो ठोठवावा, तू त्यांच्यासाठी ठोठवू नको.

तुकडे पाडायचा जो सल्ला मिळाला तो कानाआड कर. पाच-पाच नगांची आठ बिलं एकाच महिन्यात, एकाच नावाची, हे ऑडिटवाला सगळ्यात आधी शोधतो, आम्हाला शिकवतातच तसं. दुसरा एक शॉर्टकट पण तुला कोणीतरी सुचवेल, "एकमेव उत्पादक" असं प्रमाणपत्र लावून घे. ते खरं असेल तरच लावायचं असतं, आणि तुझ्या बाबतीत ते खरं नाही, मोबाईल स्टार्टरचं वर सांगितलंच.

पैसे कसे द्यायचे यावर खरं तर वेगळं पत्र लिहावं लागेल, चांगले चांगले प्रयोग तिथेच मरतात. आपल्या नागपुरात २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी ग्रीन बस आली होती, तुला आठवत असेल, शाळेत असशील. गाडी देखणी, धूर नाही, लोक मुद्दाम बसायला जायचे. २०१८ मध्ये ती बंद पडली, आणि इंजिनामुळे नाही, थकलेल्या पैशांच्या वादात. मला त्या बसचं अजून वाईट वाटतं. याउलट भांडेवाडीचं बघ. शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचं, हे काही कोणत्या डीएसआरमध्ये नव्हतं, पण वीज केंद्राला वर्षभर पाणी लागणारच होतं आणि महापालिकेकडे सांडपाणी रोज येणारच होतं, पाणी कोण देणार, पैसे कोण देणार हे करारात बांधलेलं होतं म्हणून ते टिकलं.

म्हणून तुझ्या फाईलमध्ये मी डबा विकत घेण्यापेक्षा सेवा घ्यायचा विचार करेन. दर महिन्याला, चालू स्थितीतल्या पंपामागे इतके रुपये, डबा बंद असेल त्या दिवसांचे कापून. मग डबा बिघडला तर दुरुस्त करायची घाई पुरवठादाराला, तुला नाही. आणि एक बारीकसा प्रश्न ज्यावर मी असे कितीतरी प्रस्ताव मेलेले बघितले, त्या डब्यातल्या सिमचा रिचार्ज कोण करणार? ग्रामपंचायत म्हणेल आमच्याकडे या खर्चाचं हेड नाही, तुझं ऑफिस म्हणेल योजना हस्तांतरित झाली, आणि पहिल्या वर्षानंतर ४० डबे मुके होतील. रिचार्ज, बदलीचे सेन्सर, वर्षातून दोन भेटी, हे सगळं त्या महिन्याच्या दरात घालून टाक. तुलना करताना पण फक्त पहिली किंमत नको, पाच वर्षांचा एकूण खर्च मागव आणि तो असा काढणार हे टेंडरमध्येच लिही, तर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा देकार, ठरवताना तो धरता येईल. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये गुणवत्तेला पण गुण द्यायची पद्धत सल्लागार सेवेच्या बाहेरही अटींसह मोकळी केली, गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन. म्हणजे सगळ्यात स्वस्त तेच घ्यावं हा दगडावरचा लेख नाही हे आता वरच्यांना पण मान्य झालंय.

आणि छोट्या पुरवठादाराचं बिल वेळेत काढ. २००६ च्या एमएसएमई कायद्यात मान्य मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मोठा ठेकेदार वर्षभर थांबतो, या पोट्ट्यांसारखे तीन महिन्यांत नोकरी शोधायला पुण्याला जातील.

साहेबांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पूर्वी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १३(१)(ड) असं कलम होतं, त्यात लोकहित नसताना कोणाला आर्थिक फायदा करून दिला तर पैसे खाल्ल्याचं सिद्ध न होताही अधिकारी अडकू शकायचा, आणि आमच्या पिढीचे हात त्यानेच बांधले. २०१८ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. साहेबांना हे माहीत असेलच, तरी आठवण कर, नम्रपणे. ऑडिट पॅरा, म्हणजे ऑडिटने काढलेला आक्षेप, ही शिक्षा नाही, तो प्रश्न असतो, आणि उत्तर फाईलमध्ये खरेदीच्या आधीच्या तारखेचं असलं की पॅरा वगळला जातो. मी स्वतः असे वगळलेले बघितले. काय अडचण होती, बाजारात काय काय बघितलं, कोणाला बोलावलं, काय मोजलं, अपयश आलं तर किती पैसे जाणार होते आणि ते एवढेच का ठेवले, हे पाच मुद्दे त्या-त्या वेळी लिहिलेले असले की चाचणी फसली तरी तुला कोणी चोर म्हणू शकत नाही. फसू शकते हे पण लिही, मोकळेपणाने लिही. सगळं नक्कीच यशस्वी होणार असं लिहिलेली फाईल जास्त संशयाची असते.

सरकारने नीट मागितलं तर काय होतं याचं एक उदाहरण साहेबांना नक्की सांग. एलईडी बल्ब. २०१४ मध्ये केंद्राची ईईएसएल कंपनी एक बल्ब ३१० रुपयांना घेत होती, २०१६ मध्ये तोच ३८ रुपयांवर आला. देशभरची मागणी एकत्र केली, दर्जा आणि तीन वर्षांची वॉरंटी ठरवून दिली, पुन्हा पुन्हा टेंडर काढलं, आणि कारखाने उभे राहिले. तुझ्या ४० पंपांनी बाजार हलणार नाही, पण शेजारच्या तीन तालुक्यांतले जेई पण याच दुखण्याने हैराण आहेत ना? चौघांची मागणी एकत्र आली तर पुरवठादार पण मनावर घेईल आणि दर पण उतरेल.

चाचणीच्या पैशासाठी जिल्हा वार्षिक योजनेत "नाविन्यपूर्ण योजना" असं शीर्ष असतं, त्यात कित्येकदा शेवटी काहीतरी घाईने घुसवलं जातं. तुझा प्रस्ताव लवकर तयार असला तर नियोजन कार्यालय आनंदाने बघेल. मार्च एंडला मात्र नेऊ नको, मार्चमध्ये सगळे पैसे संपवायला बसलेले असतात, विचार करायला कोणी बसलेलं नसतं.

साहेबांकडे जाशील तेव्हा डबा घेऊन जाऊ नको. पंपांचं रजिस्टर घेऊन जा. गेल्या तीन उन्हाळ्यांत कोणत्या गावचा पंप किती वेळा जळला, रिवाइंडिंगचं बिल किती, टँकरच्या किती फेऱ्या, किती दिवस गाव कोरडं. एका कागदावर. त्या कागदाखाली फक्त एवढं विचार, "साहेब, हे थांबवायला चाचणी करायची परवानगी द्या". डब्याला नाही म्हणणं सोपं असतं, त्या कागदाला नाही म्हणायला त्यांना पण जड जाईल, कारण उन्हाळ्यात सरपंचांचे फोन त्यांनाच येतात.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो, तिथून उलटं मोज, म्हणजे सूचना केव्हा काढायची ते कळेल. आणि या आठवड्यातच गावागावात जाऊन ऑपरेटरच्या रजिस्टरची पानं मोबाईलवर काढून ठेव. ऑपरेटर बदलला की ते रजिस्टर सगळ्यात आधी हरवतं.